बिनडागाचे वासरू

वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्रपाळी करणाऱ्या माणसाची परीक्षा मोठ्या बातमीला होत नाही. ती एखाद्या फुटकळ शब्दापाशी होते. भूकंप, निवडणूक, क्रिकेटचा सामना यांचे मराठी हाताला बसलेले असते. पण इंग्रजी तारेत मध्येच असा एखादा शब्द येतो, की घड्याळात पावणेबारा वाजलेले असताना पेन थबकते. माझ्या उमेदवारीच्या काळात ‘मॅव्हरिक’ हा असाच एक शब्द होता. कधी कोणी अर्थतज्ज्ञ मॅव्हरिक असायचा, कधी चित्रपट दिग्दर्शक, कधी खासदार. पान सोडायची घाई असायची. मी डोळे मिटून ‘बंडखोर’ असे लिहीत असे आणि पुढच्या तारेकडे वळत असे.

तो शब्द चुकीचा आहे हे मला कळत होते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रात बंडखोर म्हणजे कोण, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ज्याला पक्षाने तिकीट दिले नाही आणि म्हणून ज्याने अपक्ष अर्ज भरला, तो बंडखोर. अर्ज मागे घेण्याच्या मुदतीपर्यंत त्याचे बंड टिकते. एखादे महामंडळ पदरात पडले की बंडोबांचे थंडोबा होतात. स्वतःच्या बुद्धीने चालणाऱ्या माणसाला हा शब्द लावणे म्हणजे त्याची बदनामीच होती. मग इतर शब्द शोधले. ‘कलंदर’मध्ये बेफिकिरी आहे, विचार नाही. ‘अवलिया’ला धुनीचा वास येतो. ‘एककल्ली’ ही तक्रार झाली. ‘मनस्वी’ शब्द कवींनी आपल्याकडे ठेवून घेतला आहे. ‘स्वतंत्र बाण्याचा’ हे त्यातल्या त्यात बरे. पण मथळ्यात बसायला फार लांब.

पुढे सवड मिळाली तेव्हा या शब्दाच्या मुळाशी गेलो. गंमत अशी, की मॅव्हरिक हे मुळात विशेषणच नव्हे. ते एका माणसाचे आडनाव आहे. सॅम्युएल ऑगस्टस मॅव्हरिक हा टेक्सासमधला एक वकील आणि जमीनदार. त्याचे आडनाव आज जगभर माहीत आहे आणि तो स्वतः मात्र आडनावाच्या मागे हरवून गेला आहे. त्याचे चरित्र वाचताना प्रथम मला हसू आले. नंतर ते मावळले. का, ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

सॅम्युएलचा जन्म २३ जुलै १८०३ रोजी साउथ कॅरोलायनातल्या पेंडलटन परिसरात झाला. घर व्यापारी, सधन. वडिलांपाशी जमीन होती आणि गुलामही होते. मुलगा येल विद्यापीठात शिकला, १८२५ मध्ये पदवीधर झाला, मग कायदा शिकून वकील बनला. त्या वेळी साउथ कॅरोलायनात एक वाद पेटला होता. केंद्र सरकारचा जकातीचा कायदा राज्याला मान्य नसेल तर राज्याने तो आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवावा, असे म्हणणाऱ्यांची तिथे चलती होती. मॅव्हरिक बापलेक या मताच्या विरुद्ध होते. १८३० मध्ये सॅम्युएल राज्याच्या कायदेमंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. वाऱ्याविरुद्ध उभे राहणे हा त्याच्या स्वभावाचा एक भाग तरुणपणीच दिसतो.

घरच्या प्रांतात जम बसेना, तेव्हा तो जॉर्जिया, अलाबामा असे करत १८३५ मध्ये टेक्सासला पोचला. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. अमेरिकेतून आलेल्या वसाहतवाल्यांचे आणि मेक्सिकोच्या सरकारचे फाटत चालले होते. सॅम्युएल सान अँटोनिओत येतो न येतो तोच लढाई सुरू झाली. मेक्सिकन फौजेने त्याला काही आठवडे नजरकैदेत ठेवले. सुटल्यावर डिसेंबर १८३५ मध्ये गावावर चालून जाणाऱ्या टेक्सासच्या तुकडीला त्याने वाट दाखवली.

पुढची घटना दैवाचीच म्हणायची. गावाजवळच्या अलामो नावाच्या जुन्या मिशनच्या वास्तूत टेक्सासचे शिबंदीचे लोक होते. स्वातंत्र्य जाहीर करण्यासाठी वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोस या गावी परिषद भरणार होती. शिबंदीने आपला प्रतिनिधी म्हणून मॅव्हरिकला निवडले. २ मार्च १८३६ रोजी तो अलामोतून बाहेर पडला. चार दिवसांनी, ६ मार्चला, सांता आना याच्या फौजेने अलामो घेतले आणि आत लढणारे जवळजवळ सगळे मारले गेले. ज्यांनी त्याला मत देऊन पाठवले त्यांच्यातले कोणी त्याचे काम विचारायला उरले नाही. टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५९ सह्या आहेत. त्यातली एक सॅम्युएल मॅव्हरिकची.

स्वातंत्र्य हा शब्द इथे पहिल्यांदा या चरित्रात येतो, म्हणून जरा थांबतो. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केल्याचे जाहीर केले होते. टेक्सासला त्यातून सूट मिळाली, तरी तलवार टांगलेली राहिली. टेक्सास स्वतंत्र झाल्यावर १८३६ सालीच जी घटना झाली तिने गुलामगिरीला पक्के संरक्षण दिले आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांना काँग्रेसच्या परवानगीवाचून तिथे राहायलाही मनाई केली. म्हणजे ज्या स्वातंत्र्यावर आपल्या नायकाने सही केली त्यात कोणाचे तरी पारतंत्र्य लिहिलेले होते.

त्याच वर्षी सॅम्युएलने अलाबामातल्या मेरी अ‍ॅडम्सशी लग्न केले. १८३८ मध्ये हे जोडपे सान अँटोनिओत राहायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे गुलामही होते. मेरीने लिहून ठेवलेल्या आठवणी पुढे १९२१ मध्ये छापल्या गेल्या. सरहद्दीवरचा तो खडतर संसार त्यांतून कळतो. दहा मुले झाली, त्यातली सगळी जगली नाहीत. नवरा महिनोन् महिने बाहेर असे. जमिनी पाहणे, मोजणे आणि विकत घेणे हा त्याचा ध्यास होता. १८३९ मध्ये तो सान अँटोनिओचा महापौर झाला.

सप्टेंबर १८४२ मध्ये मेक्सिकन सेनापती एड्रियन वोल याने सान अँटोनिओवर अचानक छापा घातला. जिल्हा न्यायालयाचे कामकाज चालू असल्याने वकील, पक्षकार सगळे गावात जमलेले होते. मॅव्हरिकही सापडला. कैद्यांना पायी चालवत मेक्सिकोत पेरोटेच्या किल्ल्यात नेले. अमेरिकेचे मेक्सिकोतले वकील वॅडी थॉम्सन हे त्याच्याच साउथ कॅरोलायनाचे. त्यांनी सुटकेची खटपट केली. टेक्सासने पुन्हा मेक्सिकोत सामील व्हावे याला मॅव्हरिकने अनुकूलता दाखवली तर सुटका सोपी होईल, असे त्यांनी सुचवले. घरी बायको, लहान मुले, आणि इथे पायात बेडी. दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. मॅव्हरिकने नकार दिला. जे आपल्याला पटत नाही ते सुटकेसाठीही म्हणायचे नाही, एवढाच त्याचा हिशेब होता. अखेर तशी अट न मानताच मार्च १८४३ मध्ये तो सुटला. तो तुरुंगात असतानाच त्याला टेक्सासच्या कायदेमंडळावर निवडून दिले गेले होते.

माझ्या मते या माणसाच्या आयुष्यातला खरा मॅव्हरिकपणा इथे आहे. पण शब्दाला हे प्रकरण ठाऊकच नाही. शब्द जन्मला तो गुरांच्या मागे.

सुटल्यावर काही वर्षे मॅव्हरिक कुटुंब मेक्सिकोच्या आखातावर माटागोर्डा उपसागराच्या तोंडाशी राहायला गेले. तिथे कोणाकडून तरी बाराशे डॉलरचे येणे होते. रोख मिळेना, म्हणून डोक्यामागे तीन डॉलर धरून चारशे गुरे त्याने पदरात घेतली. त्याला गुरांत रस नव्हता. त्याचा जीव जमिनीत. १८४७ मध्ये तो सान अँटोनिओला परतला, तेव्हा गुरे किनाऱ्यावरच राहिली.

तिथली रीत समजून घेतली पाहिजे. काटेरी तार यायला अजून पाव शतक होते. कुंपणे नव्हती. सगळ्यांची गुरे एकाच माळावर चरत आणि मिसळत. मग ओळखायचे कसे? तापलेल्या लोखंडी सळईने जनावराच्या अंगावर मालकाची खूण उठवायची. तो डाग म्हणजे त्या जनावराचा सातबारा. वासरू आईमागे असेतोवर आईच्या डागावरून त्याची मालकी ठरे. आईपासून सुटलेले आणि डाग नसलेले वासरू मात्र कोणाचेच नसे, म्हणजे जो आधी डाग देईल त्याचे.

मॅव्हरिकच्या गुरांना डाग देण्याकडे दुर्लक्ष झाले. वासरे वाढत, भटकत, आणि शेजारी निमूटपणे आपला डाग उठवत. डाग नसलेले जनावर दिसले की हे मॅव्हरिकचे असणार, अशी किनाऱ्यावर बोली पडली. १८५४ मध्ये त्याने कळप सान अँटोनिओ नदीकाठच्या कोन्किस्ता नावाच्या आपल्या जागेवर हलवला, तेव्हा गुरांची संख्या जवळजवळ होती तेवढीच होती. वाढ सगळी शेजाऱ्यांकडे गेली होती. १८५६ मध्ये त्याने तो कळप टूटाँ ब्यूरगार्ड नावाच्या गृहस्थाला विकून टाकला, आणि तोही न मोजता. माळावर सापडतील तेवढी तुमची, या बोलीवर. नव्या मालकाचे घोडेस्वार मग गावोगाव हिंडले आणि डाग नसलेले जनावर दिसले की ते मॅव्हरिकचे, म्हणजे आता आमचे, असे सांगू लागले. बोली पक्की झाली. १८६७ च्या सुमारास हा शब्द छापील मजकुरात सापडतो आणि १८८० च्या दशकात तो गुरांवरून माणसांवर, मुख्यतः पक्षाचा डाग न मिरवणाऱ्या राजकारण्यांवर आला. रुडयार्ड किपलिंग या आपल्या मुंबईत जन्मलेल्या लेखकाने १८९१ मध्ये हिंदुस्थानातल्या एका आयरिश पलटणीच्या कथेत पलटणीलाच हे नाव दिले.

पुढे दंतकथा तयार झाल्या. कोणी म्हणे, जनावराला चटका देणे क्रूर म्हणून तो डाग देत नसे. कोणी म्हणे, बिनडागाची सगळी गुरे लाटण्याची ही त्याची युक्ती होती. दोन्ही खोटे. तो दयाळूही नव्हता आणि लुच्चाही नव्हता. तो गुरांच्या बाबतीत निष्काळजी होता. स्वतंत्र वृत्तीसाठी जगाने स्वीकारलेला शब्द एका माणसाच्या हलगर्जीपणातून निघाला, हे वाचून मला हसू आले होते.

आता ते का मावळले ते सांगतो. मालक सान अँटोनिओत असताना किनाऱ्यावर गुरे कोण पाहत होते? जॅक नावाचा एक कृष्णवर्णीय गुलाम आणि त्याचे कुटुंब. सॅम्युएलचा मुलगा जॉर्ज याने १८८९ मध्ये या शब्दाची जन्मकथा वर्तमानपत्रातून सांगितली. ते कुटुंब नावापुरतेच गुलाम होते, वस्तुतः मोकळेच होते, असा त्याचा भाव आहे.

हे वाचले आणि मला आमच्या कृष्णाकाठच्या घरातले रामातात्या आठवले. ते आमचे सालगडी. पाडव्याला साल ठरायचे; वर्षाचे धान्य, थोडे रोख, एक धोतरजोडी आणि वहाणा. गुरे त्यांच्या हवाली. रामातात्या घरच्यासारखेच आहेत, असे आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि ते मनापासून सांगायची. पण तात्या जेवायला बसायचे ते गोठ्याच्या पडवीत. एखादी म्हैस कोंडवाड्यात गेली तर दंड वडील भरायचे, पण बोलणी तात्यांनी खायची. त्यांचे आडनाव मला ते गेल्यानंतर कळले, त्यांच्या मुलाच्या एका अर्जावर. सालगडी आणि गुलाम यांत फार मोठे अंतर आहे, हे मी विसरत नाही. तात्यांना साल मोडून जाता येत होते, जॅकला येत नव्हते. त्याला, त्याच्या बायकोला, मुलांना विकता येत होते. पण मालकाच्या घरातून पाहिले की आपला माणूस मोकळाच दिसतो. ही नजर तीच.

इतिहासाचा विनोद असा. हजारो मैल जमिनीवर वासरू मोकळे हिंडले आणि त्याच्यावरून स्वातंत्र्याचा शब्द झाला. त्या वासरामागे चालणारा माणूस मात्र कायद्याने कोणाच्या तरी मालकीचा होता. वासराच्या अंगावर डाग नव्हता. जॅकच्या नशिबावर होता.

उरलेले चरित्र थोडक्यात. सॅम्युएल अमेरिकेच्या एकसंधतेच्या बाजूचा होता. तरुणपणी त्यासाठी निवडणूक हरला होता. पण १८६१ मध्ये दक्षिणेकडची राज्ये गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटून निघाली, तेव्हा त्याने फुटणाऱ्यांची बाजू घेतली. सान अँटोनिओतली केंद्राची फौज आणि साहित्य ताब्यात घेण्यासाठी नेमलेल्या तीन आयुक्तांपैकी तो एक होता. पेरोटेच्या किल्ल्यात न वाकलेला माणूस आपल्या माणसांत, आपल्या मालमत्तेच्या प्रश्नावर वाकला. १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हस्टनला केंद्राच्या सेनापतीने टेक्सासचे गुलाम मुक्त झाल्याची घोषणा केली. सॅम्युएल २ सप्टेंबर १८७० रोजी वारला. त्याच्या नावावर तीन लाख एकरांहून अधिक जमीन होती. टेक्सासमधल्या एका काउंटीला त्याचे नाव आहे.

शब्द मात्र वाढत राहिला, आणि त्याची मालकी कोणाची यावर भांडणेही झाली. वायोमिंगमध्ये १८८४ च्या कायद्याने माळावरची बिनडागाची वासरे बड्या पशुपालकांच्या संघाच्या ताब्यात दिली गेली. छोट्या शेतकऱ्याने तेच वासरू धरले तर तो चोर. या वैरातून १८९२ मध्ये जॉन्सन काउंटीत बड्यांनी भाडोत्री बंदूकवाले आणले. २००८ च्या निवडणुकीत जॉन मॅकेन यांनी स्वतःला मॅव्हरिक म्हणवून घेतले, तेव्हा मॅव्हरिक घराण्यातल्या लोकांनीच जाहीर नापसंती दाखवली. पक्षाबरोबर इतके चालणाऱ्याला आमचे नाव शोभत नाही, असा त्यांचा सूर होता.

त्यांना तसे म्हणण्याचा अधिकार होता, आणि तो त्यांना आजोबांनी नव्हे, नातवाने मिळवून दिला असे मला वाटते. सॅम्युएलचा नातू मॉरी मॅव्हरिक १९३५ ते १९३९ अमेरिकन काँग्रेसमध्ये होता. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्धच्या विधेयकाला १९३७ मध्ये दक्षिणेतल्या जवळपास सगळ्या सदस्यांनी विरोध केला. मॉरीने बाजूने मत दिले. १९३८ मध्ये पक्षाची उमेदवारी गेली. १९३९ मध्ये तो सान अँटोनिओचा महापौर झाला आणि त्याने कम्युनिस्टांना नगरपालिकेच्या सभागृहात सभा घ्यायला परवानगी दिली. तो कम्युनिस्ट नव्हता. सभेचा हक्क सर्वांना आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. जमावाने सभागृहावर हल्ला केला, तोडफोड झाली. १९४१ मध्ये त्याचे महापौरपद गेले. सरकारी बोजड भाषेची टर उडवणारा एक इंग्रजी शब्दही १९४४ मध्ये याच मॉरीने चलनात आणला. आजोबाच्या आडनावातला शब्द अपघाताने झाला होता. नातवाने त्याची किंमत मोजली.

आपल्याकडे मोकळ्या जनावराची एक वेगळी रीत आहे. कोणी गेले की अकराव्या दिवशी वृषोत्सर्ग करून वळू देवाच्या नावाने सोडत. त्याला पोळ म्हणतात. सोडण्याआधी त्याच्या अंगावर त्रिशूळ आणि चक्राचा डाग देत. तो मग कोणाच्याही शेतात तोंड घाली आणि त्याला कोणी मारत नसे. म्हणजे टेक्सासात डाग नसलेला मोकळा, आणि आपल्याकडे डाग असलेला मोकळा. आपल्या सार्वजनिक जीवनात मोकळे हिंडणारे, वाटेल ते बोलणारे अनेक जण पाहताना मला हा पोळ आठवतो. त्यांचे स्वातंत्र्य अंगावरच्या कुठल्या तरी मोठ्या डागामुळे असते. त्यांना मॅव्हरिक म्हणताना जरा कातडी निरखून पाहावी.

आणि उलट, डाग दिसत नाही म्हणून कोणी स्वतंत्र होत नाही, हे सॅम्युएलचे चरित्र सांगते. तो एकदा, पेरोटेला, आपल्या कातडीची किंमत देऊन स्वतंत्र राहिला. दुसऱ्या वेळी किंमत जॅकसारख्यांच्या सुटकेची होती, ती त्याला देववली नाही.

आज ती रात्रपाळी पुन्हा मिळाली, तर ‘मॅव्हरिक’ला मी कोणता मराठी शब्द लिहीन, ते अजूनही सांगता येत नाही. पण ‘बंडखोर’ लिहिण्याआधी दोन गोष्टी विचारीन. या माणसाने न वाकण्यासाठी स्वतःचे काय दिले? आणि तो मोकळा हिंडत असताना त्याची गुरे कोण राखत होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा कुठल्याच तारेत येत नाही. आमच्या घरचे उत्तर मला एका अर्जावर सापडले, तेव्हा रामातात्या जाऊन तीन वर्षे झाली होती.